क्लॅटसॉपच्या वाळूतलं जहाज
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, १९९५ च्या दहावीच्या तुकडीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि 'तासाभरात परत येऊ' असं सांगून ज्यांना इथे आणलंय असे सगळे नवरे आणि बायका,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय दिला नाही, अटी मात्र दोन घातल्या. कॉम्प्युटरवर बोलायचं नाही, आणि एआयमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहणार का जाणार याचं भविष्य सांगायचं नाही. दुसरी अट मला फारच सोयीची आहे, कारण माझी स्वतःची राहील का हेच मला दर तीन महिन्यांनी नव्याने कळतं. तेव्हा मी एका जहाजाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रत्नागिरीत येऊन जहाज काय सांगतेस? बरोबर आहे. मिऱ्याला 'बसरा स्टार' तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ते नांगर तोडून बंधाऱ्याला येऊन लागलं, खलाशी सुखरूप उतरले, आणि जहाज पुढे वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे जेवढे फोटो आले, तेवढे कोणाच्या लग्नाचेही आले नसतील. मी अमेरिकेत बसून ते बघायचे आणि मनात म्हणायचे, आमच्याकडेही एक आहे. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

मी राहते ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ. तिथून गाडीने दोनेक तासांवर अस्टोरिया नावाचं जुनं बंदर आहे. कोलंबिया नदी तिथे प्रशांत महासागराला मिळते. मुखाच्या दक्षिणेला क्लॅटसॉपचा लांबच लांब किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावर फोर्ट स्टीव्हन्सच्या उद्यानात 'पीटर आयरडेल' नावाच्या जहाजाचा सांगाडा उभा आहे. गाडी लावायची, गवताने धरून ठेवलेली वाळूची एक टेकडी ओलांडायची, की समोर तो दिसतो. तिकीट नाही, कुंपण नाही. ऑरेगनचा किनारा १९६७ च्या कायद्याने सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, कोणीही जावं.

आधी जहाजाची माहिती सांगते, कारण भूगोलाचे सर पहिल्या रांगेत बसलेत आणि आकडे न देता उत्तर लिहिलं की ते अर्धेच गुण द्यायचे.

१८९० साली इंग्लंडमधल्या मेरीपोर्ट गावी हे बांधलं. पोलादी पत्रे, आत लोखंडी सांगाडा, चार डोलकाठ्या. लांबी २८५ फूट, म्हणजे आपल्या आठ एसट्या एकापुढे एक लावल्या तर होतील तेवढी. मालक लिव्हरपूलची आयरडेल आणि पोर्टर कंपनी, आणि त्यातल्या आयरडेलचंच नाव जहाजाला दिलेलं. लक्षात घ्या, हे शिडाचं जहाज होतं. तोवर वाफेची जहाजं सगळीकडे झाली होती, पण वाऱ्याला कोळशासारखे पैसे पडत नाहीत, म्हणून धान्यासारखा सावकाश पोचला तरी चालणारा माल अजून शिडावर जायचा. १९०६ च्या सप्टेंबरअखेर ते मेक्सिकोतल्या सालिना क्रूझहून निघालं. पोर्टलंडला जाऊन गहू भरायचा होता. पोटात माल नव्हता, फक्त एक हजार टन नीरम. नीरम हा शब्द आपल्यातल्या खारवी आणि दालदी घरांतल्या मुलांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळात जो भार भरतात, ते नीरम. जहाजावर २७ माणसं होती, त्यातली दोन न सांगता चढलेली.

२५ ऑक्टोबरला पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांना टिलामूक रॉकचं दीपगृह दिसलं. कप्तान लॉरेन्सने जहाज नदीच्या मुखाकडे वळवलं. दाट धुकं होतं, पाणी चढत होतं, वारा पश्चिमेचा जोराचा. आता ते मुख कसं आहे हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबते.

सर, तुम्ही आम्हाला नववीत मांडवीच्या जेटीवर नेलं होतंत आणि भाट्याच्या खाडीचं तोंड दाखवलं होतंत. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते, दोघांची टक्कर होते तिथे वाळू बसते, आणि त्या वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. आपल्या बोटी तिथेच उलटतात, आजही. कोलंबियाचं मुख म्हणजे हेच, फक्त खाडीच्या जागी उत्तर अमेरिकेतून प्रशांत महासागराला मिळणारी सगळ्यात मोठी नदी ठेवा. बऱ्याच मोठ्या नद्या समुद्राजवळ फाटे फुटून पसरतात. ही तशी पसरत नाही, सगळं पाणी एका तोंडातून जोराने बाहेर टाकते. समोर हजारो मैल मोकळा महासागर, त्यामुळे लाटही दमदार. १७९२ पासून आजवर तिथे सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजं आणि होड्या गेल्या असं म्हणतात, आणि त्या भागाला नावच पडलंय 'प्रशांत महासागराची स्मशानभूमी'. आजसुद्धा मोठं जहाज आत घ्यायचं तर त्या दांड्याची वाट ठाऊक असलेला स्थानिक वाटाड्या जहाजावर चढवावा लागतो. तो लाँचने जातो, नाहीतर हेलिकॉप्टरमधून दोरीने उतरतो. उपग्रह, रडार, सगळं असताना!

तर १९०६ च्या त्या पहाटे यातलं काहीच नव्हतं. पुढे जाण्यात अर्थ नाही हे कप्तानाला कळलं, त्याने जहाज किनाऱ्यापासून फिरवून बाहेर काढायचा प्रयत्न केला. तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. वायव्येकडून जोराचा झोत आला आणि जहाज वाळूवर बसलं. डोलकाठ्या मोडल्या. हॅमंड गावातल्या बचाव ठाण्याची होडी आली आणि सगळ्यांना काढलं. २७ च्या २७ जिवंत. किनाऱ्यावर उतरल्यावर कप्तान लॉरेन्सने जहाजाला सलाम केला, 'देव तुझं भलं करो, तुझी हाडं या वाळूत पांढरी होवोत' अशा अर्थाचं काही बोलला, मग हातातली व्हिस्कीची बाटली पुढे करून खलाशांना म्हणाला, पोरांनो, घ्या एक घोट. असं तिकडे सांगतात. सांगणाऱ्याने थोडं रंगवलंही असेल, पण व्हिस्कीची बाटली लक्षात ठेवा. मला ती पुढे लागणार आहे.

जहाजाचं फारसं बिघडलं नव्हतं. चांगला दिवस बघून ओढून काढू, असं ठरलं. ऑरेगनच्या पावसाळ्यात चांगला दिवस! काही आठवडे वाट बघण्यात गेले, तोवर जहाज डाव्या अंगावर कललं आणि वाळूने ते धरलं ते धरलंच. मग भंगारात विकलं. काढण्यासारखं होतं ते काढून नेलं, उरलेलं तिथेच राहिलं. बघायला येणाऱ्यांची रीघ मात्र तेव्हापासून लागलीये, ती आजपर्यंत.

एक गंमत राहिली. १९४२ साली २१ जूनच्या रात्री जपानी पाणबुडीने त्याच फोर्ट स्टीव्हन्सवर १७ तोफगोळे टाकले. किल्ल्याने उलट मारा केला नाही, आपण कुठे आहोत ते शत्रूला कळू नये म्हणून. गोळे पडले ते मुख्यतः झाडीत, दलदलीत आणि बेसबॉलच्या मैदानापाशी. पण त्यानंतर शत्रू उतरेल या भीतीने किनाऱ्यावर काटेरी तारांची जाळी लावली गेली, आणि ती या सांगाड्यातून ओवून नेली. म्हणजे हरून वाळूत बसलेल्या जहाजाला छत्तीस वर्षांनी परत पहाऱ्यावर उभं केलं. ते तसंच युद्ध संपेपर्यंत.

आता मी गेले तो दिवस. २०२३ च्या नवरात्रात माझे वडील, आमचे अण्णा, तिकडे आले होते. तुमच्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक आहेत. मिरकरवाड्याच्या रस्त्यावर त्यांचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप होतं, आणि आपल्या शाळेच्या विहिरीवरचा पंपही दर उन्हाळ्यात तेच चालू करून द्यायचे. तेव्हा ते चौऱ्याहत्तरचे होते. आई गेल्याला वर्ष झालं होतं. पोर्टलंडमध्ये करायचं काय हा त्यांना मोठा प्रश्न. तीन आठवड्यांत घरातले सगळे नळ, दरवाजे आणि शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून झालं होतं. मी म्हटलं, चला, तुम्हाला एक मोडकी बोट दाखवते.

शनिवार होता, सप्तमी. मी फोनवर ओहोटीची वेळ बघत होते, तर अण्णा म्हणाले, फोन कशाला? सप्तमी म्हणजे सात, साताची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला भरती, म्हणजे अकराला ओहोटी. मी म्हटलं, अण्णा, हा रत्नागिरीचा समुद्र नाही. ते म्हणाले, चंद्र तोच ना? फोन आणि अण्णा यांच्यात तासाभराचा फरक निघाला. तोही का, तर तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. नंतर पूर्ण दोन दिवस त्यांनी ही गोष्ट मला विसरू दिली नाही.

भांगाचे दिवस, त्यामुळे पाणी फार मागे गेलं नव्हतं. बारीक पाऊस. अण्णांनी दोन स्वेटर, वर माझ्या मुलाचा रेनकोट आणि डोक्याला मफलर बांधला होता. वाळूत लोक लांब शिंपले खणत होते. पातळ, सुरीसारखा शिंपला असतो तिथे, आणि तो इतक्या झपाट्याने खाली पळतो की नळीसारखं हत्यार खुपसून वाळूसकट वर ओढावा लागतो. अण्णा तिथेच पाच मिनिटं उभे राहिले. शिंपले मोजून घ्यायचे, परवाना लागतो, असं सांगितल्यावर म्हणाले, आपल्याकडे मुळे काढायला परवाना काढला तर निवडणूकच हरतील.

मग सांगाडा. फोटोत दिसतो त्यापेक्षा लहान वाटतो, कारण जहाजाचा बराच भाग वाळूखाली तरी आहे, नाहीतर गेलेला आहे. वर उरलीये ती मुख्यतः नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि तिच्यामागे फासळ्यांची रांग. त्यापलीकडे वाळूतून वर आलेले काही बुंधे. रंग पक्क्या चहासारखा. काही ठिकाणी गंजाचे पापुद्रे सुटलेत, पुस्तकाची पानं ओली होऊन फुगावीत तसे. हिवाळ्यातली वादळं वाळू खणून नेतात तेव्हा जास्त दिसतो, उन्हाळ्यात वाळू परत चढते तेव्हा कमी. मी त्याआधी चार वेळा तिथे गेले होते. फोटो काढले, पोराला फासळ्यांमधून पळू दिलं, सँडविच खाल्लं, परत आले. मला वाटायचं, मी ते जहाज पाहिलंय.

अण्णांनी ते जवळजवळ तासभर पाहिलं. 'हे वाक बघ,' म्हणाले. फासळ्यांना आपल्याकडे वाक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. सगळे वाक तळाशी बारीक झालेत, वर जाड आहेत, हे त्यांनी दाखवलं. जिथे पाणी येतं आणि जातं, तिथे लोखंड सगळ्यात लवकर खातं. ओलं होतं, हवा लागते, परत ओलं होतं, वर वाळू घासते. कायम वाळूत पुरलेलं लोखंड टिकतं, तिथे हवाच पोचत नाही. रिबिटांची भोकं त्यांनी बोटाने चाचपली. १८९० मध्ये वेल्डिंग नव्हतं, पत्रा पत्र्याला रिबिटांनी जोडायचा, रिबिट तापवून लाल करायचं, दोघांनी दोन बाजूंनी ठोकायचं. किती हजार असतील, ते म्हणाले. मी जवळजवळ पंचवीस वर्षं इंजिनिअर म्हणून पगार घेतेय, पण त्या सांगाड्यासमोर आमच्या दोघांत इंजिनिअर कोण होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग त्यांनी विचारलं, 'कप्तानाचं पुढे काय झालं गो?'

मी वाचलेलं होतं ते सांगितलं. जहाज लागल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १२ आणि १३ नोव्हेंबरला, अस्टोरियात ब्रिटिश उपवाणिज्यदूताच्या देखरेखीखाली नौदल न्यायालय बसलं. काय घडलं, किती वाजता घडलं, वारा कुठला होता, ओढ कुठली होती, हे विचारलं गेलं. निकाल लिहिला गेला की वारा अचानक फिरला आणि प्रवाहाची ओढ जोराची होती म्हणून जहाज लागलं, आणि कप्तानाकडे किंवा त्याच्या अधिकाऱ्यांकडे कसलाही दोष नाही.

तुम्ही म्हणाल, ब्रिटिश लोकांनी ब्रिटिश कप्तानाला सोडलं, त्यात काय. असेलही. आमच्या कामातही काही कोसळलं की अशी बैठक होते. कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त काय घडलं ते क्रमाने लिहायचं, असा नियम असतो. चांगला नियम आहे. कधीकधी त्याच्या आडून मोठी माणसं सुटतात, हेही मी बघितलंय. पण विचारतात तरी. लिहून ठेवतात तरी.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आणि बाटली हातात असून त्याला कोणी दारुडा म्हटलं नाही?'

त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं, त्यासाठी आज मी बोलायला उभी आहे. जहाज हे निमित्त.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. दहावीच्या फोटोत ती नाही, कारण नववीच्या दुसऱ्या सहामाहीनंतर तिने शाळा सोडली. ती मीठ-मासळीच्या कामाला लागली आणि तिच्या दोन भावांची शिक्षणं तिने केली. संयोजकांनी तिला आग्रहाने बोलावलं याबद्दल मी त्यांचे आभार मानते. तिचं नाव मी घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी जे बोलणार आहे ते तिला विचारून बोलतेय. मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, 'मला एकटीला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासमोर बोल.'

तिचे वडील तांडेल होते. बोट त्यांची नव्हती, मालकाची. १९९३ च्या डिसेंबरात संध्याकाळच्या ओहोटीला भाट्याच्या तोंडातून आत येताना ती बोट दांड्यावर बसली आणि रात्रीत फुटली. पाचही माणसं वाचली, दुसऱ्या होडीने त्यांना काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बंदरात एकच गोष्ट होती: तांडेल प्यायलेला होता, त्याची वाट चुकली. ही गोष्ट कोणी सुरू केली ते विचारायची गरज नाही. ती बाजारात आली, एसटी स्टँडवर आली, आपल्या वर्गातही आली. त्या माणसाला पुन्हा कोणी बोट दिली नाही. पुढची बारा वर्षं त्याने जाळी शिवली, आणि २००५ मध्ये तो गेला.

त्या बोटीचं इंजिन अण्णांनी उतरवलं होतं. क्लॅटसॉपच्या वाळूत उभं राहून त्यांनी मला ते सगळं सांगितलं, बोल्टागणिक. मी विचारलं, हे तेव्हा कोणाला सांगितलं नाहीत? ते म्हणाले, मालकाला सांगितलं, तो म्हणाला, तू इंजिनाचं बघ. सोसायटीत सांगितलं, तिथे हो हो म्हणाले. पंचनामा झाला तेव्हा मी तिथे दोन तास उभा होतो, मला कोणी विचारलं नाही. त्या घरी जाऊन त्यांनी तांडेलाला आणि त्याच्या बायकोला सांगितलं होतं. म्हणून मैत्रीण म्हणाली, मला माहीतच होतं.

घरी परतल्यावर मी अण्णांना म्हटलं, लिहून द्या. चार दिवस लागले त्यांना. मोठ्या अक्षरात, माझ्या मुलाच्या वहीच्या पानावर लिहिलंय. गुडघ्यांमुळे ते आज इथे जिना चढून येऊ शकले नाहीत, म्हणून ते मी वाचून दाखवते. यातला एकही शब्द मी बदललेला नाही. मालकाचं नाव त्यांनीच लिहिलेलं नाही. 'तोही आता नाही, त्याच्या पोरांनी काय केलंय,' असं म्हणाले.

'मी बोटीच्या इंजिनांची दुरुस्ती चाळीस वर्षं केली. १९९३ साली डिसेंबर महिन्यात भाट्याच्या खाडीच्या तोंडावर बोट लागली, तिचं इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी व माझ्या दोन पोरांनी उतरवलं. शाफ्टच्या कपलिंगचे सहाही बोल्ट तुटलेले होते. चार बोल्टांची तुटलेली जागा काळी होती व तिथे तेल मुरलेलं होतं. दोन बोल्टांची तूट नवी होती, तिच्यावर फक्त रात्रीचा पिवळा गंज आला होता. याचा अर्थ चार बोल्ट आधीच गेले होते व बोट दोनांवर चालत होती. नारळी पौर्णिमेच्या आधी मी हे बोल्ट बदलायला सांगितले होते. हा हंगाम काढू, असं मला उत्तर मिळालं. दोन बोल्ट तुटल्यावर इंजिन चालू राहतं पण पंखा फिरत नाही. पंखा फिरत नसेल तर सुकाणू कितीही धरा, बोट वळत नाही. नांगर टाकलेला होता, तो वाळूत धरला नाही. दोर मी पाहिला. तांडेल त्या रात्री दहा वाजता ओल्या कपड्यांनी माझ्याकडे आला, पहाटे इंजिन काढायला चल असं सांगायला. तो माझ्यासमोर अर्धा तास बसला होता. तो प्यायलेला नव्हता. मला हे कोणी विचारलं नाही म्हणून आता लिहून देत आहे.'

खाली त्यांची सही आहे, आणि तारीख.

हा कागद मी आता तिला देते. झेरॉक्स प्रत स्मरणिकेच्या संपादकांकडे दिली आहे, त्यांनी ती या भाषणासोबत छापायचं कबूल केलंय.

ये गो, वर ये.